फाइल नको, टाके दाखवा!

सबमिशनच्या आठवड्यात कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात उभे राहिलाय कधी? राहिला असालच. पुढे दहा जणांची रांग, प्रत्येकाच्या हातात पेन ड्राइव्ह आणि दुकानातल्या दादाचा एकच प्रश्न, "स्पायरल करू की साधं बाइंडिंग?" आत काय आहे हे तो विचारत नाही. गंमत म्हणजे पुढे कॉलेजातही ते फारसं कुणी विचारत नाही. पहिल्या पानावर कॉलेजचा लोगो, मग 'प्रमाणपत्र', मग 'ऋणनिर्देश', मग सिनियरच्या फाइलमधली पंधरा पानं आणि शेवटी 'निष्कर्ष'. नाव आणि रोल नंबर बदलला की प्रोजेक्ट तयार. आता तर सिनियरच्या मागे फिरायचीही गरज उरलेली नाही. चॅटजीपीटी दोन मिनिटांत सगळं लिहून देतं, ऋणनिर्देशासकट.

खरं सांगा, तुमच्या मागच्या फाइलमधला एक परिच्छेद तरी आज आठवतोय?

मी बोलतेय ते भाषेच्या प्रोजेक्टबद्दल. मराठी असो, इंग्रजी, हिंदी किंवा जर्मन. भाषा बोलून, ऐकून, लिहून आणि लिहिलेलं खोडूनच येते. पोहणं पुस्तकातून शिकता येत नाही हे सगळ्यांना पटतं. भाषेच्या बाबतीत मात्र आपण 'पोहण्याचे फायदे' या विषयावर वीस पानं लिहून मोकळे होतो, आणि वर मार्कही मिळवतो.

दोन टोकं बघितलेली बॅच

हा विषय माझ्या डोक्यात बसलाय त्याला कारण आहे. मी २०१९ च्या दहावीच्या बॅचची. आठवतंय का, त्या वर्षी बोर्डाने भाषा विषयांचे २० अंतर्गत मार्क काढून टाकले होते? तोंडी परीक्षा नाही, शाळेच्या हातात काही नाही, सगळी १०० मार्कांची लेखी परीक्षा. शाळा हे मार्क सढळ हाताने वाटतात, अशी ओरड होती. ती अगदीच खोटी होती असं मीही म्हणणार नाही. आदल्या वर्षी, २०१८ ला, राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता. आमचा लागला ७७.१० टक्के. आमचा अभ्यासक्रमही नवा होता, त्यामुळे सगळं खापर त्या २० मार्कांवर फोडता येणार नाही. पण गदारोळ एवढा झाला की पुढच्याच बॅचला ते मार्क परत मिळाले. २०२० चा निकाल ९५.३० टक्के.

मग आम्ही बारावीला आलो. साल २०२१, कोरोना. परीक्षाच रद्द. दहावीचे ३० टक्के, अकरावीचे ३० टक्के आणि बारावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे ४० टक्के धरून निकाल लागला ९९.६३ टक्के!

म्हणजे बघा, एकाच बॅचला दहावीत 'शाळेवर विश्वास नाही, सगळं पेपरात दाखवा' असं सांगितलं गेलं आणि बारावीत 'पेपर नाही, सगळं कॉलेजवर सोडा' असं. दोन्ही वेळा मला मार्क चांगले मिळाले. पण मला नीट प्रश्न विचारता येतो का, समोरच्याचं ऐकून घेता येतं का, स्वतःचं लिखाण सुधारता येतं का, हे दोन्ही वेळा कुणी तपासलं नाही. वाद चालला होता मार्क कुणी द्यायचे यावर. कशाला द्यायचे, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

तो प्रश्न मला पहिल्यांदा भेटला एसवायला, तोही एका टेलरच्या दुकानात.

"याला मुंढा म्हणतात"

आम्हाला मराठीचा एक पेपर होता. मॅडमनी पहिल्याच तासाला सांगितलं, "या वेळी निबंध नाही. चार-चार जणांचे गट करा. तुमच्या आसपास हाताने काम करणारा एक माणूस शोधा आणि त्याच्या कामातले पन्नास शब्द गोळा करा. अर्थ त्याच्याकडूनच घ्यायचा, नेटवरून नाही. शेवटी सगळ्यांची मिळून एक छोटी पुस्तिका छापू. आणि एक प्रत त्या माणसाला नेऊन द्यायची."

पन्नास शब्द? दोन तासांत होईल, असं आम्हाला वाटलं. आमच्या गटाने गल्लीतले टेलरकाका निवडले. मी वही उघडून विचारलं, "काका, तुमच्या व्यवसायात कोणकोणते पारिभाषिक शब्द वापरले जातात?"

काकांनी चष्म्यावरून बघितलं. "म्हणजे काय ते?"

पहिली भेट तिथेच संपली. दुसऱ्या दिवशी मॅडमना रडगाणं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "तुझा प्रश्न परीक्षेतला आहे. दुकानातला प्रश्न कसा असेल?" मग पुन्हा गेलो. या वेळी नुसते बसून राहिलो. काका एक ब्लाउज शिवत होते. मी बोट दाखवून विचारलं, "काका, ही गोल जागा कसली?"

"हा मुंढा. बाही जोडतात ना, ती जागा. मुंढा चुकला की बाई दुकान बदलते." आणि मग काका सुटलेच. काज, अस्तर, चुण्या, धावदोरा, उसवणं. कापड ते 'कापत' नव्हते, आधी 'बेतत' होते. मी तो शब्द वहीत लिहिला आणि थांबले. बेतणं, बेत, बेताचं... हे सगळे एकमेकांचे कुणी लागतात का? मॅडमनी उत्तर दिलं नाही. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात बघायला सांगितलं. एकोणिसाव्या शतकातला हा कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट आहे, हेही मला तेव्हाच कळलं. कोशाचं पान मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून उघडलं, कारण प्रश्न माझा होता.

'टीप' या शब्दावर तर आमची चांगलीच जिरली. आमच्यासाठी टीप म्हणजे 'टीपा लिहा, ४ गुण'. आम्ही घाईघाईत पुस्तिकेत लिहून टाकलं, 'टीप : लांब टाक्यांची कच्ची शिलाई.' प्रत घेऊन दुकानात गेलो. काकांनी मशीन थांबवलं, सगळी पानं सावकाश वाचली आणि एका ओळीवर खडू ठेवला. "हे उलटं लिहिलंयस. लांब टाके, कच्चं, तो धावदोरा. टीप पक्की असते. हे वाचून कुणी शिवायला बसला तर कपडा पहिल्याच दिवशी उसवेल."

शाळेपासून माझ्या वहीत शेकडो लाल गोल आले असतील. एकही मनाला लागला नव्हता, कारण चूक झाली तर माझाच अर्धा मार्क जायचा. इथे मात्र चूक झाली तर कुणाचा तरी कपडा उसवणार होता. ते पान आम्ही स्वखर्चाने पुन्हा छापलं.

वीस मार्क कसे बेतले?

आता मुद्द्याची गोष्ट. असे प्रोजेक्ट भारी वाटतात, पण यांना मार्क कसे द्यायचे? मॅडमनी २० मार्क आधीच बेतले होते आणि पहिल्या दिवशी फळ्यावर लिहून दिले होते. ५ मार्क प्रश्नांची यादी आणि मुलाखतीच्या नोंदींना. ५ मार्क पहिला आणि शेवटचा मसुदा यांच्यातल्या फरकाला. ५ मार्क अंतिम लिखाणाला. उरलेले ५ मार्क तीन मिनिटांच्या तोंडी प्रश्नोत्तरांना, तेही प्रत्येकाला वेगळे. प्रत्येक भागात पाच कधी, तीन कधी आणि एक कधी, हे एकेका ओळीत लिहिलेलं. याला 'रुब्रिक' म्हणतात. मराठीत सरळ मोजपट्टी म्हणा. महत्त्वाचं म्हणजे ही मोजपट्टी काम सुरू व्हायच्या आधी आमच्या हातात होती.

यातून काय झालं? आमच्या वर्गात एक मुलगा होता. त्याचं बोलणं गावाकडचं, 'शुद्ध' मराठीचा त्याला भयंकर धाक. त्याने एका रिक्षा गॅरेजमध्ये घेतलेली मुलाखत वर्गात सगळ्यात चांगली होती. त्याला मुलाखतीच्या भागात ५ पैकी ५ मिळाले आणि अंतिम लिखाणात २. कुणी त्याला दयेने मार्क दिले नाहीत, आणि एका लेखी पेपराने 'भाषा कच्ची' असा शिक्काही मारला नाही. काय येतं आणि कशावर मेहनत घ्यायची, हे त्याला त्या कागदावरून कळलं. मला मसुद्यात ४ आणि प्रश्नांच्या यादीत २ मिळाले होते. पारिभाषिक शब्दांचा माझा तो महान प्रश्न वहीत तसाच होता ना!

सगळं सुरळीत झालं असं नाही. आधी मॅडमनी 'एकमेकांना मार्क द्या' असंही ठरवलं होतं. आम्ही काय केलं असेल? सगळ्यांनी सगळ्यांना पाचपैकी पाच. मग त्यांनी नियम बदलला. मार्क द्यायचे नाहीत, दुसऱ्या गटाचा मसुदा वाचून दोनच वाक्यं लिहायची, 'मला हे समजलं' आणि 'मला हे समजलं नाही'. दोस्ती शाबूत राहिली आणि मसुदेही सुधारले. आमच्या गटातला एक जण पूर्ण महिना गायब होता. त्याचं पितळ आम्ही नाही, तोंडी परीक्षेने उघडं पाडलं. त्याला विचारलं, "धावदोरा म्हणजे काय?" तो म्हणाला, "मॅडम, धावताना लागतो तो." वर्ग हसला, पण त्याला शून्य मिळालं आणि आम्हाला आमचे मिळाले.

कल्पना काही कालची नाही

नवीन शैक्षणिक धोरणाने हे सगळं आणलं, असं आपल्याला वाटतं. कल्पना मात्र शंभर वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेत विल्यम हर्ड किलपॅट्रिक यांनी १९१८ मध्ये 'द प्रोजेक्ट मेथड' हा निबंध लिहिला. त्यांचा मुद्दा असा, की मनापासून ठरवलेल्या हेतूने केलेलं काम हाच शिक्षणाचा गाभा असावा. आपल्याकडे १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी मांडलेली 'नई तालीम' हस्तोद्योग आणि मातृभाषा यांच्याभोवतीच उभी होती.

भाषेच्या वर्गापुरतं बोलायचं तर मला सगळ्यात आवडतात ते फ्रान्सचे सेलेस्तँ फ्रेने. पहिल्या महायुद्धात या शिक्षकाच्या फुफ्फुसाला जखम झाली होती. तासभर सलग बोलणं त्यांना जमायचं नाही. बार-सुर-लू नावाच्या गावात शिकवताना १९२० च्या दशकात त्यांनी वर्गात चक्क एक छोटं छपाईयंत्र आणलं. मुलं गावात फिरायची, बघितलेलं लिहायची, सगळ्यांसमोर वाचायची, दुरुस्त करायची, स्वतः खिळे जुळवून छापायची आणि दुसऱ्या गावातल्या शाळेला पोस्टाने पाठवायची. तिकडून त्यांचं छापलेलं यायचं. विचार करा, एकेक अक्षर हाताने जुळवायचं म्हटल्यावर ऱ्हस्व-दीर्घ किती काळजीने बघितलं जाईल! आणि वाचणारं कुणीतरी खरंच आहे म्हटल्यावर लिहायला किती हुरूप येईल!

काकांच्या खडूचं आणि फ्रेनेंच्या छपाईयंत्राचं काम एकच. लिहिलेलं खऱ्या वाचकापर्यंत पोहोचवणं.

पण नुसता वाचक पुरत नाही

याचा पुरावा पुण्यातच आहे. २०११ मध्ये विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने पुण्यातल्या काही कॉलेजांबरोबर एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांनी असाइनमेंट म्हणून इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहायचे. जगभरचे वाचक, खरं लिखाण, खरा उपयोग. कागदावर याहून चांगला प्रोजेक्ट सुचणार नाही. झालं काय? बऱ्याच जणांनी पुस्तकांतून आणि संकेतस्थळांवरून जसाच्या तसा मजकूर उचलून चिकटवला. स्वामित्वहक्काचा भंग झालेला मजकूर शोधून काढता काढता विकिपीडियाचे स्वयंसेवक संपादक वैतागले आणि त्याच वर्षी प्रयोग गुंडाळावा लागला.

त्या मुलांना नावं ठेवायच्या आधी स्वतःकडे बघा. शाळेपासून आपल्याला काय शिकवलंय? गाइडमधलं उत्तर जितकं तंतोतंत उतरवाल तितके मार्क जास्त. संदर्भ वाचून स्वतःच्या शब्दांत लिहिणं हे वेगळं कौशल्य आहे, आणि ते एका रात्रीत येत नाही. मधल्या पायऱ्या तपासल्या गेल्या नाहीत, तर विद्यार्थी थेट शेवटच्या पायरीवर उडी मारणार आणि उडी मारायला कॉपी-पेस्ट तयारच आहे. तेव्हा चॅटजीपीटी नव्हतं, आज आहे, एवढाच फरक. एआय पकडणारी सॉफ्टवेअर वापरून हे थांबेल असं मला वाटत नाही. तुमच्या हातची नोंदवही, खाडाखोड केलेला पहिला मसुदा आणि तीन मिनिटांचं समोरासमोर बोलणं, या तीन गोष्टी मात्र चॅटजीपीटी तुमच्या वतीने करू शकत नाही.

"एवढा वेळ कुणाला आहे?"

हा प्रश्न मी माझ्या ओळखीच्या दोन-तीन प्राध्यापकांना विचारला आणि त्यांचं म्हणणं मला पटलं. एका वर्गात शंभर-सव्वाशे मुलं. प्रत्येकी तीन मिनिटं धरली तरी सहा तास नुसत्या तोंडी परीक्षेला. कितीतरी शिक्षक तासिका तत्त्वावर, म्हणजे शिकवलेल्या तासाचेच पैसे. शंभर मसुदे दोनदा वाचायचे तास कोण मोजणार? त्यात अंतर्गत मार्कांमध्ये वशिला चालतो, अशी शंका असतेच. विद्यार्थ्यांनाही असते आणि आपल्या २०१९ च्या अनुभवानंतर बोर्डालाही होती, हे उघड आहे.

म्हणून लेखी परीक्षा रद्द करा, असं मी म्हणत नाहीये. अनोळखी परीक्षकाने तपासलेला पेपर हा वशिल्यावरचा उतारा आहे आणि तो राहायलाच हवा. माझं म्हणणं फक्त त्या उरलेल्या मार्कांबद्दल आहे. कुठे ६०-४०, कुठे ७०-३० असा पॅटर्न आहे. नव्या धोरणात फील्ड प्रोजेक्टला आणि इंटर्नशिपला वेगळे क्रेडिट्स आहेत. शाळेच्या प्रगतिपुस्तकात मुलाचं स्वतःचं आणि सोबत्यांनी केलेलं मूल्यमापनही असावं, असं २०२० च्या धोरणात लिहिलंय. म्हणजे जागा आहे. त्या जागेत सिनियरची फाइल कोंबायची की काहीतरी खरं करायचं, एवढंच आपण ठरवायचंय.

हो, आपण. कारण प्राध्यापकांनी बदलावं म्हणून वाट बघत बसलात तर डिग्री हातात पडेल आणि मुलाखतीत कुणीतरी विचारेल, "तुमच्या प्रोजेक्टबद्दल जरा सांगा." मग?

आज मी बातमीसाठी कुणाकडे जाते तेव्हा वही आधी उघडत नाही. समोरच्याचे हात बघते आणि बोट दाखवून विचारते, "हे काय?" पत्रकारितेच्या वर्गाच्या आधी हे मला टेलरकाकांच्या दुकानाने शिकवलं.

पुढच्या सबमिशनआधी करून बघा

विषय लहान घ्या. 'मराठी भाषेचे भवितव्य' नको. 'आमच्या मेसच्या फळ्यावरचं मराठी', 'आजीचे स्वयंपाकघरातले शब्द', 'एसटी स्टँडवरच्या घोषणा' चालतील. इंग्रजी किंवा जर्मन शिकत असाल तर शहरात नव्याने आलेल्या विद्यार्थ्यासाठी त्या भाषेत दोन पानांची माहितीपत्रिका करा.

वाचक आधी ठरवा. हे कोण वाचणार, या प्रश्नाला 'एक्स्टर्नल' हे उत्तर येत असेल तर विषय बदला.

मोजपट्टी मागा. सरांना किंवा मॅडमना नम्रपणे विचारा, "मार्क कशाकशाला आहेत?" ठरलेलं नसेल तर तुम्हीच एक कच्ची मोजपट्टी करून न्या. बहुतेक शिक्षक नाही म्हणणार नाहीत, त्यांचंही काम हलकं होतं.

पहिला मसुदा फाडू नका. तारीख घालून जपून ठेवा. शेवटच्या मसुद्याशेजारी तो ठेवलात की तुम्ही काय शिकलात हे वेगळं सांगावं लागत नाही.

आणि दर आठवड्याला पाच ओळी लिहा. काय केलं, काय फसलं, आता काय करणार. गटात कोण गायब आहे हेही आपोआप कळेल.

शेवटचं काकांचं. पुस्तिका परत द्यायला गेलो त्या दिवशी मी विचारलं होतं, "काका, चांगली शिलाई कशी ओळखायची?" त्यांनी शिवून टांगलेला एक झब्बा काढला आणि आतली बाजू बाहेर केली. "वरून सगळेच चांगले दिसतात. कपडा उलटा करून बघायचा. टाके आतून कळतात."

तुमची पुढची फाइल तशी उलटी करून दाखवता येईल का? छापून झाली की एक प्रत ज्याच्याकडून शिकलात त्याला नेऊन द्या. त्याने चूक काढली तर नाराज होऊ नका. पान परत छापा.